सिनेमाबाहेरचं गाणं: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न : माझं वय पंचावन्न. भीमसेनअण्णा, कुमारजी, आशाताई आणि पंचमदा यांच्या गाण्यांवर आयुष्य गेलं. मुलगा बंगळुरूला नोकरी करतो. दिवाळीत आला होता तेव्हा गाडीत सारखी कुठल्या ना कुठल्या बँडची गाणी लावायचा. त्यातली दोन-तीन मला खरंच आवडली. आता नीट ऐकावं म्हणून शोधायला बसलो, तर इतकी नावं समोर आली की गांगरून गेलो. इंग्रजी गाण्यातले शब्द मला चटकन कळत नाहीत आणि फार गोंगाट सोसत नाही. स्वतंत्र बँडचे काही चांगले, शक्यतो नवे अल्बम सुचवाल का? आणि हे लोक ‘स्वतंत्र’ म्हणजे नेमके कशापासून स्वतंत्र?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. तो सुटला की पहिल्याचं उत्तर देणं सोपं जाईल.

आपल्याकडे गाणं म्हटलं की सिनेमा आलाच. सिनेमाच्या गाण्यात प्रसंग दिग्दर्शकाचा, चेहरा नटाचा, पैसा निर्मात्याचा आणि ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेक वेळा म्युझिक कंपनीची. त्या चौकटीतही पंचमदांनी काय काय करून ठेवलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण चौकट होतीच. स्वतंत्र बँडमध्ये चार-पाच जण जॅमरूममध्ये बसून गाणं रचतात, ते ध्वनिमुद्रित करायचा खर्च कार्यक्रमांच्या मानधनातून किंवा नोकरीच्या पगारातून काढतात, आणि तयार झालेल्या ‘मास्टर’वर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावर, शक्यतो स्वतःचा हक्क राखतात. गाणं तीन मिनिटांचं असावं की नऊ, मुखडा परत यावा की नाही, मध्ये बराच वेळ नुसती गिटार वाजली तर चालेल का, हे ठरवायला वर कुणी साहेब नसतो.

ही व्याख्या फार ताणायची मात्र नाही. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’नं ‘रक्षक’ हा पहिला अल्बम २०२२मध्ये स्वतःच्या बळावर काढला; २०२५चा ‘न्यू डेल्ही’ त्यांनी फिअरलेस या अमेरिकी लेबलकडून काढला. दिल्लीच्याच ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा २०१९चा ‘बिस्मिल्ला’ पॅरिसच्या पनाश या छोट्या लेबलनं प्रकाशित केला. मग हे स्वतंत्र की परतंत्र? मी स्वतःपुरती एक खूण धरली आहे. वेळ कुणाच्या हातात आहे, ते पाहायचं. ‘बिस्मिल्ला’नंतर पीटर कॅटचा पुढचा अल्बम ‘बीटा’ आला तो थेट २०२४मध्ये. बंगळुरूच्या ‘परवाज’चा ‘बारान’ २०१४चा आणि त्यानंतरचा ‘कुन’ २०१९चा. ‘इंडियन ओशन’चा ‘तंदानू’ २०१४चा, त्यानंतर ‘तू है’ २०२३मध्ये. बाजाराच्या हिशेबानं चालणारा कुणीही पाच-पाच, नऊ-नऊ वर्षं असा थांबणार नाही.

या थांबण्याला दोन बाजू आहेत. गाणं पिकेपर्यंत वाट पाहण्याची मुभा ही एक. दुसरी बाजू ओढाताणीची. स्टुडिओचं भाडं तासावर मोजलं जातं, ड्रमवादक दुसऱ्या दोन बँडबरोबर वाजवत असतो, बासवादकाला सोमवारी ऑफिस गाठायचं असतं. म्हणून अशा बँडचा नवा अल्बम आला की मला खराखुरा आनंद होतो. तो येणं ठरलेलं नसतंच.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. तुम्ही नवे अल्बम मागितलेत, तरी मी एका जुन्यापासून सुरुवात करायला सांगणार आहे: इंडियन ओशनचा ‘कंदिसा’, साल २०००. या दालनाचा हा दरवाजा आहे आणि तुमच्या कानाला तो सहज उघडेल. १९९०मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा बँड. सुस्मित सेन गिटारवर, असीम चक्रवर्ती तबल्यावर आणि गळ्यावर, राहुल राम बास गिटारवर, अमित किलम ड्रमवर. अल्बममध्ये सातच गाणी आहेत. शेवटचं शीर्षकगीत ही केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतली प्राचीन प्रार्थना. आपल्यातल्या कुणालाच तिच्यातला शब्द कळत नाही, आणि तरी ते गाणं छातीत घुमत राहतं. ब्रजभाषेतल्या बंदिशीचा एक शब्द दहा मिनिटं घोळवला तरी तल्लीन होणाऱ्या तुम्हाला यात अडचण का यावी?

त्यातलंच ‘मा रेवा’ जरा निवांतपणे ऐका. नर्मदेच्या खोऱ्यातलं हे लोकगीत. राहुल राम हे कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. करून आलेले गृहस्थ. नर्मदा बचाव आंदोलनात त्यांनी काम केलं आणि तिथली गाणी त्यांच्याबरोबर बँडमध्ये आली. ही नदी आपल्या नंदुरबारच्या सीमेवरून वाहते, मणिबेलीसारखी आपली गावं तिच्या फुगलेल्या पाण्यात गेली. त्यामुळे हे गाणं ऐकताना मला ते कुणा दूरच्या मुलखातलं वाटत नाही. ऐकताना एकदा फक्त बासकडे कान द्या. सिनेमाच्या गाण्यात बास बहुतेक वेळा मागे राहून आधार देतो. इथे गाण्याची चाल तोच ठरवतो आणि गळा त्याच्यावर स्वार होतो. वाद्य आणि गायक यांच्यात कुणी मुख्य, कुणी साथीदार अशी उतरंड न राहणं, हे बँडच्या संगीताचं मर्म आहे. ते एकदा कानात बसलं की पुढचं सगळं उलगडत जातं.

तुम्ही कुमारजींची निर्गुणी भजनं ऐकलेली आहेत, म्हणून याच बँडचा २००३चा ‘झीनी’सुद्धा हाताशी ठेवा. त्याचं शीर्षकगीत कबीराचं पद आहे. कुमारजींच्या निर्गुणाशी तुलना करायला जाऊ नका. ते शिखर वेगळं. कबीर इतक्या निराळ्या वाटेनंही येऊ शकतो याचं नवल वाटेल, एवढं नक्की.

असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ रोजी गेले. त्यांच्या आवाजातली राहिलेली गाणी बँडनं पुढच्या वर्षी ‘१६/३३० खजूर रोड’ या नावानं काढली. करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात त्यांचा सराव चालायचा, त्याचा तो पत्ता. ही गाणी त्यांनी महिन्याला एक अशी, फुकट डाउनलोड करायला देऊन टाकली. नंतर सुस्मित सेनही बाहेर पडले. आज हिमांशू जोशी गातात, निखिल राव गिटार वाजवतात, तुहिन चक्रवर्ती तालवाद्यं सांभाळतात. २०२३चा ‘तू है’ या नव्या संचाचा. ‘कंदिसा’ची धग त्यात शोधू नका. हा अल्बम वयानं शांत झालेल्या माणसांचा आहे आणि मला तो तसाच आवडतो. ‘कंदिसा’ ऐकल्यावर तो लगेच लावलात, तर एका बँडच्या तेवीस वर्षांचा प्रवास एका संध्याकाळी ऐकून होईल.

इंग्रजी शब्द कळत नाहीत म्हणता, तर पीटर कॅटकडे मागच्या दारानं जा. त्यांचा गायक सूर्यकांत साहनी ‘लिफाफा’ या नावानं एकटा हिंदीतही गातो. ‘जागो’ हा त्याचा २०१९चा अल्बम. यंत्रांनी तयार केलेले ताल, त्यावर साधी, घरगुती हिंदी, आणि आवाज असा की जणू गाणारा खुर्चीत मागे रेलून गातो आहे. पहिल्यांदा ऐकताना काही जणांना तो आळसावलेला वाटतो. दुसऱ्यांदा ऐकलं की त्या संथपणाखालची बेचैनी जाणवायला लागते. पाठोपाठ आलेला ‘सुपरपॉवर २०२०’ याच वाटेवरचा.

तिथून ‘बिस्मिल्ला’ आणि ‘बीटा’. इथे तुमची पंचमदांची तालीम कामी येईल. लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड, जुन्या नाइट क्लबातला वॉल्ट्झ, सत्तरच्या दशकातला डिस्को, हे सगळं पीटर कॅटच्या गाण्यात नांदतं. कोणत्या चालीतून कोणत्या चालीत कधी उडी मारतील याचा नेम नाही, आणि उडी मारली की ती चुकली असं कधी वाटत नाही. ‘बिस्मिल्ला’मधलं ‘फ्लोटेड बाय’ आधी लावा. संथ लय, ट्रम्पेटची मऊ ओळ आणि साहनीचा खोल, भरलेला आवाज. त्याच्या चित्रफितीत जे लग्न दिसतं ते स्वतः साहनीचंच. मग ‘मेमरी बॉक्स’. हे आठ मिनिटांहून मोठं आहे. मध्येच बंद करू नका. त्याची सगळी मजा शेवटच्या तीन मिनिटांत आहे, आणि ती आधीची पाच मिनिटं दिल्याशिवाय मिळत नाही. ‘बीटा’ मला त्याहून मोकळा वाटतो. ‘बिस्मिल्ला’त जी उदासी आहे ती इथे संसारात पडलेल्या माणसाची झाली आहे. शब्दांचा अडथळा वाटला तर पहिल्या वेळी शब्द सोडून द्या. दुसऱ्या वेळी गीतं समोर ठेवून ऐका. मुलाला सोबत घेतलंत तर फारच उत्तम.

परवाजबद्दल थोडक्यात. काश्मीरहून बंगळुरूला आलेल्या खालिद अहमद आणि काशिफ इक्बाल यांनी २०१०च्या सुमारास हा बँड उभा केला. उर्दूत आणि काश्मिरीत गातात. गाणी लांब, उलगडत जाणारी. विलंबित ऐकायची सवय असलेल्या माणसाला ती अवघड जाऊ नयेत. ‘कुन’ रात्री ऐका. मात्र यात गिटार अधूनमधून चांगलीच गरजते, तेव्हा आवाज आधीच बेतानं ठेवा.

आणि गळाच नको, नुसतं वाद्य हवं असं वाटलं त्या दिवशी मुंबईच्या वॉरन मेंडोन्सा यांचा ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावानं आलेला ‘द लास्ट ॲनालॉग जनरेशन’, २०१७. शंकर-एहसान-लॉयमधल्या लॉय मेंडोन्सांचे हे पुतणे. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही त्यांची गिटार वाजलेली आहे. या अल्बममध्ये गिटार अक्षरशः गाते. सूर लावून तो कसा धरायचा, कधी सोडायचा, दोन सुरांमध्ये किती हवा ठेवायची, याचा इतका विचार करणारा वादक आपल्याकडे आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

ब्लडीवूड तुम्हाला आत्ता सुचवत नाही. ढोल, बासरी आणि कानठळ्या बसवणारा मेटल, अशी त्यांची जोडणी. गोंगाट सोसत नाही म्हणता, तेव्हा राहू द्या. मुलगा ऐकत असेल तर त्याला अडवू मात्र नका. नैराश्य, अत्याचार अशा विषयांवर इतक्या थेटपणे बोलणारी गाणी त्यात आहेत.

प्रश्न : मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मित्र प्लेलिस्ट ऐकतो, गाणी आपोआप पुढे पुढे येत राहतात. अख्खा अल्बम ऐकायचा अट्टहास कशासाठी? आणि परदेशातल्या बँडचा एखादा असा अल्बम आहे का, जो तुकड्यांत ऐकून चालणारच नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्लेलिस्ट जरूर ऐका. नवी नावं कळायला तिच्यासारखं साधन नाही. पण एखादा बँड आवडला की त्याच्या अल्बमपर्यंत जा. गाण्यांचा क्रम लावताना बँडमध्ये भांडणं होतात, इतका तो महत्त्वाचा असतो. सहावं गाणं सहाव्या जागी असतं ते पाचव्यानं कान कुठे आणून ठेवले आहेत हे ओळखून.

लंडनच्या ‘ब्लॅक कंट्री, न्यू रोड’चा ‘अँट्स फ्रॉम अप देअर’ घ्या. सात जणांचा बँड, त्यात व्हायोलिन आणि सॅक्सोफोनसुद्धा. अल्बम ४ फेब्रुवारी २०२२ला यायचा होता. ३१ जानेवारीला त्यांचा गायक आयझॅक वूड यानं आपण बँड सोडत असल्याचं जाहीर केलं. मन थाऱ्यावर नाही, गाता-वाजवता येत नाही, असं त्यानं साध्या शब्दांत सांगितलं. चार दिवसांनी अल्बम आला आणि जगभर नावाजला गेला. पण ती गाणी मंचावर गायला गाणाराच नव्हता. उरलेल्या सहा जणांनी काय करावं? त्यांनी ठरवलं, त्याची गाणी आपण गायची नाहीत. येत्या महोत्सवांची निमंत्रणं तर स्वीकारलेली होती. म्हणून त्यांनी काही महिन्यांत अख्खा नवा कार्यक्रम रचला आणि जिथे लोक गाजलेली गाणी ऐकायला आले होते तिथे कुणीही न ऐकलेली गाणी वाजवली. त्या नव्या गाण्यांचं प्रत्यक्ष मैफलीतलं ध्वनिमुद्रण ‘लाइव्ह ॲट बुश हॉल’ या नावानं २०२३मध्ये आलं. २०२५च्या ‘फॉरेव्हर हाउलाँग’मध्ये टायलर हाइड, जॉर्जिया एलरी आणि मे कर्शॉ या बँडमधल्याच तिघी आळीपाळीनं गातात.

हे तीन अल्बम ओळीनं ऐका. ‘अँट्स’मधली शेवटची दोन-तीन गाणी इतकी लांब आणि इतकी उघडीवाघडी आहेत की आधीच्या सगळ्यांतून गेल्याशिवाय ती पेलवणार नाहीत. एखाद्या प्लेलिस्टमध्ये त्यातलं शेवटचं गाणं मध्येच आलं, तर तुम्ही ते पुढे ढकलाल आणि त्यात तुमची काहीच चूक नसेल. बुश हॉलचं ध्वनिमुद्रण त्यानंतर लावलंत की वेगळीच गंमत आहे. मित्र गेल्यावर उरलेल्यांनी एकमेकांना सांभाळून घेतल्याचा आवाज त्यात ऐकू येतो. मला आजच्या बँडसंगीतात याहून माणुसकीची गोष्ट माहीत नाही.

दुसरं नाव कॅनडाच्या ‘सिंडी ली’चं. हे पॅट्रिक फ्लेगल या कलाकाराचं मंचावरचं नाव. पूर्वी ‘विमेन’ या बँडमध्ये होते. मार्च २०२४मध्ये ‘डायमंड ज्युबिली’ आला: बत्तीस गाणी, दोन तास. तेव्हा तो स्पॉटिफायवर नव्हता, गाण्यांच्या कुठल्याच ॲपवर नव्हता. यूट्यूबवर एकच लांबलचक फीत आणि जुन्या थाटाच्या एका साध्या वेबसाइटवरून डाउनलोड. वाटलं तर तीस कॅनेडियन डॉलर द्या, एवढीच विनंती होती. ना जाहिरात, ना मुलाखतींचा धडाका. तरीही त्या वर्षीच्या सर्वांत गाजलेल्या अल्बममध्ये तो होता. साठच्या दशकातल्या रेडिओवरची गाणी रात्री उशिरा दुरून, खरखरीतून ऐकू यावीत तसा त्याचा पोत आहे. दोन तास एका बैठकीत जमणार नसतील तर अल्बम मुळातच दोन भागांत आहे. मध्ये चहा घ्या. सुटं गाणं काढून ऐकलंत तर ‘बरं आहे’ म्हणाल. सलग ऐकलंत तर पहिल्या तासानंतर कधीतरी ते जग तुमचं होतं.

प्रश्न : आम्ही महिन्याला ॲपचे पैसे भरतो. त्यातले माझ्या आवडत्या बँडला किती मिळतात? त्यांना खरंच मदत करायची तर काय करावं?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तुमचे पैसे तुम्ही ऐकलेल्या बँडकडे जातात, अशी बहुतेकांची समजूत असते. मोठ्या ॲपवर साधारणपणे तसं होत नाही. सगळ्यांची वर्गणी एका हंडीत जमा होते, ॲप आपला वाटा काढून घेतं आणि उरलेली रक्कम एकूण किती वेळा कुणाचं गाणं वाजलं त्या प्रमाणात वाटली जाते. तुम्ही महिनाभर फक्त परवाज ऐकलंत, तरी तुमच्या वर्गणीचा बहुतेक भाग सर्वांत जास्त वाजणाऱ्यांकडेच जातो. शिवाय स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजल्याशिवाय ते वाजणं धरत नाहीत, आणि २०२४पासून मागच्या बारा महिन्यांत हजारदा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. नव्या बँडला याचा फटका बसतो. या तीस सेकंदांमुळे गाणीही बदलली. संथ आलाप घेऊन उभं राहणारं गाणं त्या गणितात मार खातं.

बँडकॅम्प हे संकेतस्थळ मला यापेक्षा प्रामाणिक वाटतं. तिथे तुम्ही अल्बम विकत घेता. डिजिटल विक्रीवर ते पंधरा टक्के घेतात, पैसे वळते करण्याचा खर्च वजा होतो आणि बाकीचं बँडला. किंमत लावलेली असते, पण वाटलं तर जास्त देता येतं, आणि लोक देतात. मार्च २०२०मध्ये टाळेबंदीनं मैफली बंद पडल्या तेव्हा त्यांनी ‘बँडकॅम्प फ्रायडे’ सुरू केला. त्या ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटा सोडतात. ही कंपनी गेल्या काही वर्षांत दोनदा विकली गेली, त्यामुळे पुढे काय होईल यावर लक्ष ठेवायला हवं. तूर्त तरी पीटर कॅटसारख्या अनेक भारतीय बँडचं संगीत तिथे मिळतं.

याहून थेट मार्ग म्हणजे तिकीट काढून मैफलीला जाणं आणि परतताना मंचाशेजारच्या टेबलावरून टी-शर्ट किंवा सीडी घेणं. ‘आमच्यासाठी पास आहे का’ असं ओळखीच्या वादकाला विचारू नका. त्याला नाही म्हणता येत नाही आणि त्या रात्रीच्या जमाखर्चात ती जागा त्याच्याच खिशातून जाते.

प्रश्न : हे सगळं दिल्ली, बंगळुरू, लंडन झालं. मराठीत असे बँड आहेत का? असले तर ते आमच्यापर्यंत कधी येणार?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सिनेमाबाहेरचं गाणं मराठी माणसाला मुळीच परकं नाही. अभंग, शाहिरी, नाट्यसंगीत, भावगीत, यातलं काय सिनेमातून आलं? गजाननराव वाटव्यांनी भावगीत चौकात नेलं, यशवंत देव आणि खळेकाकांनी ते आकाशवाणीवरून घराघरांत पोचवलं. आपला कान तयार आहे. बँड म्हणून एकत्र येऊन स्वतःचं रचायचं, हे आपल्याकडे त्या मानानं उशिरा आलं.

आज ऐकायचंच तर मुंबईच्या ‘स्वदेशी’पासून सुरुवात करा. हा रॅप करणाऱ्यांचा गट; मराठी, हिंदी, गुजराती, बांगला अशा भाषा एकाच गटात. त्यांच्यातला ‘मवाली’ मराठीत बोलतो, अमरावतीचा ‘१०० आरबीएच’ आपल्या वैदर्भीय बाजात. गुजरातीत रॅप करणारा त्यांचा तोडफोड मार्च २०२२मध्ये ऐन तारुण्यात गेला. २०१९चं त्यांचं ‘द वारली रिव्होल्ट’ आधी ऐका. आरे वसाहतीतल्या केळतीपाड्याचे प्रकाश भोईर त्यात गातात. ज्या वर्षी हे गाणं आलं त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रातोरात तोडली गेली. भोईरांचा सूर आणि रॅपचा मारा एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. जंगलात राहणाऱ्याला आधी बोलू द्यायचं आणि मग शहरातल्या पोरांनी त्याला दुजोरा द्यायचा, अशी त्याची घडण आहे. अण्णाभाऊ आणि अमर शेखांची शाहिरी ज्यांनी कान देऊन ऐकली असेल, त्यांना यातलं नातं सांगावं लागणार नाही.

दुसरी वाट ‘अभंग रिपोस्ट’ची. मुंबईची ही मुलं संतांचे अभंग तबला, ड्रम, बास आणि गिटार घेऊन गातात. अभंगाला हात लावला म्हणून काही जण नाराज होतात. मी त्यांच्या बाजूनं आहे. चाल बदलली तरी शब्दांवरची निष्ठा त्यांनी सोडलेली नाही, आणि कॉलेजातली पोरं त्यांच्याबरोबर अभंग तोंडपाठ म्हणतात. ‘नीरज आर्याज कबीर कॅफे’ हा मुंबईचाच बँड कबीराबाबतीत हेच करतो. ‘पंचरंग’ हा त्यांचा २०१६चा अल्बम. पुण्याचे ‘ईझी वाँडरलिंग्ज’ इंग्रजीत गातात, पण त्यांचा ‘ॲज रिटन इन द स्टार्स’ (२०१७) इतका हळुवार आहे की तुम्हाला भाषेचं काही वाटणार नाही.

मराठीत सुटी गाणी धडाक्यात येत आहेत. २०२४मध्ये ‘तांबडी चामडी’ परदेशातल्या नाचाच्या मैफलींतही वाजलं, याचा मला आनंद आहे. पण मन भुकेलं आहे ते आठ-दहा गाण्यांच्या, एका दमात रचलेल्या मराठी बँड-अल्बमसाठी. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलीतून असे अल्बम भरपूर यायला हवेत.

आणि तुमच्यापर्यंत कधी येणार, तर बोलावल्यावर. पुण्यात २०१०मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि अशा बँडना मोठा मंच मिळाला. अरुणाचलातल्या झिरोसारख्या दूरच्या खोऱ्यात २०१२पासून संगीत महोत्सव भरतो. तो सुरू करणाऱ्यांत ‘मेनव्होपॉज’ या बँडचा गिटारवादक अनुप कुट्टी होता. झिरोला जमतं ते लातूरला का जमू नये? कॉलेजचं स्नेहसंमेलन किंवा गणेशोत्सवातली एक रात्र पुरे. बोलावताना मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवा, निम्मे पैसे आगाऊ द्या. बँड जी तांत्रिक यादी पाठवेल ती साउंडवाल्याला त्याच दिवशी दाखवा. वरातीचे डीजे स्पीकर असून भागत नाही, ड्रमसाठी वेगळे माइक आणि वादकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर मॉनिटर लागतात. साउंडचेकला दुपारचे किमान दोन तास मोकळे ठेवा आणि त्या वेळात मंचावर सत्काराच्या खुर्च्या मांडायला कुणाला पाठवू नका.